खंडेनवमीचा थर

“मशीन थांबवलं कुणी?”

मी हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की पलीकडच्या लेथवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. ईश्वरामामा लोहार हात पुसत माझ्या टेबलापाशी आले. आमच्या कारखान्यातला धातूचा प्रिंटर तेच चालवायचे. वय साठीला टेकलेलं, आधीची पंचवीस वर्षं भट्टीवर गेलेली. मी त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची. पण मालाची तपासणी माझ्याकडे, म्हणून ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना मामा.

“कवा थांबलंय?” त्यांनी विचारलं.

“नवमीला. सहाशे एकेचाळीस नंबरच्या थराचा फोटो अकरा वाजून आठ मिनिटांचा आहे. पुढच्या थराचा एक वाजताचा. मधले जवळजवळ दोन तास काय करत होता?”

“खंडेनवमी हुती की मॅडम. आरती हुती.”

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. मालक अरविंद चौगुले, सगळे त्यांना आबा म्हणायचे. वडिलांची ओतकामाची भट्टी त्यांनी वाढवली आणि मग भलतीच हिंमत करून टायटॅनियमचा प्रिंटर आणला. मैद्यासारखी बारीक धातूची पूड पसरायची, जिथं हवी तिथं लेसरनं वितळवायची, त्यावर पुन्हा पूड, पुन्हा लेसर. एकेक थर कागदापेक्षाही पातळ, आणि असे हजारभर थर चढले की वस्तू तयार. आम्ही माणसांची हाडं बनवायचो. खुब्याच्या वाट्या, कवटीचे तुकडे, जबडे. प्रत्येक थराचा फोटो यंत्र आपणहून काढून ठेवायचं, आणि ते फोटो बघून ‘माल बरोबर आहे’ अशी सही करणारी मी, स्मिता टिपुगडे.

त्या दिवशी माझ्यापुढं होता गारगोटीच्या बळवंत देसाई मास्तरांचा जबडा. गाठीमुळे त्यांचा खालचा जबडा डाव्या बाजूनं काढायचा होता आणि ऑपरेशनची तारीख अकरा दिवसांवर होती. मी नवमी-दसऱ्याला माहेरी गेले होते. परत आले तेव्हा जबडा घासूनपुसून, भट्टीतून शेकून, माझ्या टेबलावर मऊ कापडात ठेवलेला होता. दिसायला इतका देखणा, की दृष्ट काढावी.

“मामा, मधेच थांबवलं की काय होतं, तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत हाय. खालचा भाग गार हुतो. आकसतो.”

“मग?”

“मी आबांना म्हटलं, चालू राहू दे, ह्याला लांबनंच नमस्कार करू. तर म्हणाले, चालत्या यंत्राला हळद-कुंकू लावत्यात व्हय रे? आमच्या वडलांनी कधी लावलं न्हाई.” मामांनी खांदे उडवले. “मालकच म्हटल्यावर मी काय करणार?”

भट्टीचं ठीक होतं. नवमीला भट्टी गार करायची, लेथ थांबवायचे, सगळं झाडून, पुसून, झेंडूचे हार घालून पुजायचं. यंत्रालाही एक दिवस विसावा. आमच्याकडे लहानसहान दुकानातला माणूससुद्धा त्या दिवशी पान्हे-हातोड्या मांडून पूजा करतो, आणि मलाही ते आवडतं. पण हे यंत्र सुरू केलं की चौतीस तास थांबवायचं नसतं. पूजा आदल्या दिवशी उरकावी, नाहीतर काम दुसऱ्या दिवशी लावावं, एवढी साधी गोष्ट. ती कुणाच्या डोक्यात आली नाही. कारण भट्टीची रीत तशीच्या तशी उचलून लेसरला लावली होती.

मी जबडा उचलला आणि तरातरा आबांच्या केबिनमध्ये गेले.

आबा फोनवर होते. मी थांबले नाही. जबडा त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, “हा मी पास करणार नाही.”

त्यांनी फोन ठेवला. “का? काय झालं?”

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खणातून एक कागद काढला.

“हे बघ, बाळ. ह्याच जबड्याबरोबर, यंत्रातल्या त्याच पाटावर आपण तपासणीच्या पट्ट्या बनवल्या. बरोबर? त्या पट्ट्या काल ओढून तोडल्या. पाहिजे त्यापेक्षा जास्तच ताण सोसलाय त्यांनी. आता बोल.”

“आबा, त्या पट्ट्या आडव्या असतात. त्यांची उंची किती?”

“असंल दीड सेंटीमीटर.”

“म्हणजे अडीचशेव्या थरालाच त्या पूर्ण झाल्या. यंत्र थांबलं सहाशे एकेचाळीसला. आरतीच्या वेळी त्या पट्ट्या पुडीखाली गाडलेल्या होत्या. पोरगं नापास झालंय दहावीला आणि तुम्ही मला त्याचं चौथीचं प्रगतिपुस्तक दाखवताय!”

आबांचा चेहरा उतरला नाही, उलट तापला. “एवढं आवाज चढवायचं कारण न्हाई. दोन तासानं काय आभाळ कोसळतंय? यंत्रावरच बटन हाय थांबवायचं. कंपनीनं ते उगंच दिलंय?”

“ते अडीनडीला दिलंय. पेढे वाटायला नाही!”

“देवाच्या कामाला पेढे वाटणं म्हणतीस तू?”

“मी मास्तरांच्या जबड्याबद्दल बोलतेय. त्यांनी भाकरी चावायची आहे यानं. दिवसात हजार वेळा, पुढची वीस वर्षं. हे ताणून बघण्याचं काम नाही, पुन्हा पुन्हा वाकण्याचं आहे. जोड कच्चा असेल तर एक दिवस तोंडातच तुटेल.”

“असंल तर,” आबांनी बोट उगारलं. “असंल तर म्हणतीयास. फोटोतल्या वेळा बघून मी एवढा माल भंगारात टाकू? दाखव मला कुठं कच्चं हाय ते.”

“दाखवते,” मी म्हणाले.

लाल रंगाची परीक्षा भट्टीवरच्या माणसांना नवी नाही. पातळ लाल द्रव लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. कुठं चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. जबड्याची खालची कड आरशासारखी घासलेली होती, तिथं ही परीक्षा चोख होणार होती. मामांनी स्वतः रंग लावला. आबा हाताची घडी घालून उभे राहिले. लेथवरची चार माणसं मान लांब करून बघत होती.

भुकटी वाळली. काही दिसेना. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मिशीत हसू यायला लागलं. मग खालच्या कडेवर एक लाल रेघ उठली. आधी पुसट, मग ठळक. पट्टी लावून आखल्यासारखी सरळ. जबडा यंत्रात जसा उभा बनतो, तसा धरून मी पायथ्यापासून उंची मोजली. साडेअडतीस मिलिमीटर. सहाशे एकेचाळिसावा थर.

 आबांनी जबडा उचलला, उजेडाकडे धरला, पुन्हा ठेवला. “नवा बनवायला घ्या,” एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले.

मी जिंकले होते, आणि मला ते सगळ्यांना दिसायला हवं होतं. मी तिथंच उभी राहून भाषण ठोकलं. माणसाच्या अंगात घालायचा माल आहे, लाज कशी वाटत नाही, एकालाही विचारावंसं वाटलं नाही का, तुमच्या आईच्या तोंडात बसवाल का असला जबडा, वगैरे. माणसं माना खाली घालून ऐकत होती. मामा हाताला लागलेला लाल रंग घासत होते. माझं संपल्यावर ते हळूच म्हणाले, “मॅडम, एक बोलू?”

“बोला.”

“गेल्या वर्षी पण आरती झालीती.”

“म्हणजे?”

“गेल्या नवमीला पण यंत्र चालूच हुतं. तवा पण थांबीवलं. दोन तासांवर दहा मिन्टं. तो पण जबडाच हुता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “त्यो गेला की इथनं. सही तुमचीच हाय.”

मी माझ्या खोलीत जाऊन गेल्या वर्षीची फाईल उघडली. सातशे दोन नंबरचा थर, दहा पन्नास. पुढचा थर, एक वाजता. सगळं जिथल्या तिथं नोंदलेलं. यंत्रानं काही लपवलं नव्हतं. दोन फोटोंच्या मधोमध पिवळी खूणसुद्धा केली होती, बघा म्हणून. आणि शेवटी माझी सही. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, सहा फायली, चार मिनिटांत.

आता खरं सांगायची वेळ आली आहे. मी यंत्राच्या त्या फोटोंची फाईल तोवर कधी उघडतच नव्हते. पट्टीचा आकडा बघायचा, मोजमापं बघायची आणि सही ठोकायची. कागदावर ‘सर्व थरांचे फोटो तपासले’ आणि ‘काम अखंड पूर्ण झाले’ ही वाक्यं आधीच छापलेली होती, आणि तो मसुदा मीच तयार केला होता. या वर्षी हॉस्पिटलनं फोटोंचा अहवाल वेगळा मागितला, म्हणून माझा नाइलाज झाला आणि मी ती फाईल उघडली. मास्तरांचा जबडा माझ्या हुशारीनं सापडला नव्हता. आणि मी मघाशी त्या सगळ्यांची शोभा केली होती.

गेल्या वर्षीच्या फाईलवर नाव होतं मालन खोत, वय एकेचाळीस, हुपरी.

मी पुन्हा आबांकडे गेले. या वेळी आवाज चढवला नाही, फाईल उघडून त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी ऐकलं आणि उठून दार लावून घेतलं.

“वर्ष झालं,” ते म्हणाले. “बाई खातीय, पितीय. काही झालं असतं तर कळलं असतं. उगंच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“डॉक्टरांना कळवायला हवं.”

“आणि कारखान्याचं काय? ही चाळीस माणसं? सगळा माल परत येईल. आणि सही कुणाची हाय, ती पण बघतील. तुझं लायसन… तुझं नाव जाईल, बाळ. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.”

राग यायला मला तेवढंच पुरलं. ‘तुझ्या भल्याचं’ या शब्दांनी माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण क्षणभर, अगदी क्षणभर, मला ते पटलं होतं.

“मी आज पत्र पाठवणार,” मी म्हणाले. “तुमची सही नसली तर माझ्या एकटीच्या सहीनं.”

“मग उद्यापासून यायची गरज न्हाई.”

“बरं.”

पत्र पाठवून मी तिथूनच स्कूटर काढली आणि हुपरी गाठली. डॉक्टर कळवतील तेव्हा कळवतील, पण ते माझ्या तोंडून कळायला हवं, असं मला वाटत होतं. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजणं घडतात. मालनताई घराच्या सोप्यात बसून पैंजणांच्या कड्या जोडत होत्या. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात छोटी ज्योत, एकेका कडीचा सांधा जोडायला झाळ लावायचं काम. गालावर कानापासून हनुवटीपर्यंत शस्त्रक्रियेची रेषा होती. बोलताना ओठ एका बाजूला ओढला जायचा, पण शब्द स्वच्छ होते.

मी ओळख सांगितली. त्यांनी लगेच पाट पुढं केला. “तुम्हीच बनवलासा व्हय माझा जबडा? बसा, बसा. च्या ठेवू?”

“चहा नको. मी काय सांगते ते आधी ऐका.”

मी सगळं सांगितलं. यंत्र, पूड, थर, आरती, गार झालेला धातू. त्यांनी ज्योत बंद केली.  माझं झाल्यावर त्यांनी गालावर हात ठेवला.

“श्रावणापासनं चावताना कट् कट् आवाज येतोय,” त्या म्हणाल्या. “हितनं. डॉक्टरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बनवणाऱ्यांना इचारतो. मग म्हणाले, तिकडनं उत्तर आलंय, सगळं ठीक हाय, तुमच्या मनाचे खेळ हायत. घरच्यांनी पण मला वेड्यात काढलं. कुणी दिलं हुतं ते उत्तर?”

भाद्रपदात हॉस्पिटलचं पत्र आलं होतं, ते मला आठवलं. मी फाईलमधला माझाच कागद पुन्हा जोडून पाठवला होता. वरती एक ओळ: ‘तपासणीत दोष आढळला नाही.’

“मी,” मी म्हणाले.

मालनताईंनी समोरची एक कडी उचलली. “हे बघा. एका बाजूला झाळ लावली आणि मधेच जेवायला उठलं, तर आल्यावर आधी सगळं पुन्हा तापवावं लागतंय. गार चांदीवर झाळ धरत न्हाई. वरनं धरल्यागत दिसतीय, पायात घातली की तुटतीय. आमच्या शाळकरी पोरींना कळतंय हे.” त्यांनी हातातली कडी दोन्ही बाजूंनी ओढून दाखवली. “आणि मी झाळ लावलेली परतेक कडी ओढून बघतो. दिवसाला चारशे. नुसत्या पायात घालायच्या असत्यात त्या! तुम्ही माझ्या तोंडात घालायचं न बघता दिलासा?”

 मी मान खाली घातली, तर त्या आणखी चिडल्या. “खाली बघू नका. रडायबिडायचं असंल तर भाईर जाऊन रडा.”

दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. जबड्याला चीर गेली होती, अर्ध्याहून जास्त. डॉक्टरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तयारी केली. नवा जबडा दुसऱ्या राज्यातल्या कंपनीकडून मागवू म्हणाले, पण त्याला तीन महिने लागणार होते आणि चीर तेवढं थांबणार नव्हती. मालनताईंनी निरोप धाडला: जिथं चुकलंय तिथंच बनवायचं, आणि बनवताना मी समोर बसणार.

आबांना डॉक्टरांचा फोन गेला. काय बोलणं झालं माहीत नाही. पण मला कामावर परत बोलावणं आलं, ते मामांच्या तोंडून. आबा माझ्याशी त्यानंतर महिनाभर बोलले नाहीत.

मास्तरांचा नवा जबडा वेळेत रवाना झाला. ठरल्या दिवशी मालनताई भावाबरोबर आल्या. जबड्याला आधाराची पट्टी बांधलेली, पातळ पेज सोडून काही खाता येत नव्हतं. यंत्रापुढच्या पडद्याजवळ त्यांना खुर्ची दिली. दर थराला नवा फोटो यायचा आणि त्या वाकून बघायच्या. सुरुवातीला आम्हाला वाटलं, तासाभरात कंटाळतील. तीनशे अकराव्या थराला त्यांनी हात वर केला.

“ह्या कोपऱ्यात भुकटी कमी पडलीय.”

मामांनी पाहिलं. मी पाहिलं. नखाएवढी जागा उघडी राहिली होती. लेसर तिथून नुकताच फिरून गेला होता, आणि यंत्रानं याला खूणही केली नव्हती.

“चालतंय का एवढं?” मामांनी मला विचारलं.

“चालेलसुद्धा,” मी म्हणाले. “पण काढून टाका. पहिल्यापासून सुरू करा.”

दहा तासांचं काम गेलं. केबिनच्या दारात आबा उभे होते. त्यांनी ऐकलं आणि स्वतः जाऊन पुडीचा नवा डबा घेऊन आले.

दुसरा जबडा अखंड झाला. या वेळी तपासणीच्या पट्ट्या मी उभ्या लावल्या होत्या, जबड्याएवढ्याच उंच. लाल रंगाची परीक्षा मालनताईंच्या देखत झाली. पांढऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी माझ्या टेबलावर बसले, कागद पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

मालनताईंनी कागदावर हात ठेवला.

“वाचा.”

“ताई, सगळं तपासलंय. तुम्ही समोरच होतात.”

“गेल्या साली पण तपासलंच हुतं न्हवं तुम्ही. तसं लिवलंय. मोठ्यानं वाचा.”

चौदा पानं होती. मी वाचायला लागले. पुडीचा गट, हवेतला प्राणवायू, लेसरची ताकद, मोजमापं. लेथ बंद करून माणसं ऐकत उभी राहिली. आबाही आले. तेराव्या पानावर मी वाचलं, “काम अखंड पूर्ण झाले.”

“हीच वळ मागच्या कागदावर पण हुती?”

“होती.”

“कुणी लिवलेली?”

“मीच.”

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.  त्यांनी मला शेवटच्या पानापर्यंत नेलं आणि मगच हात उचलला. मी पेन टेकवलं.

“कागदाकडं न्हाई,” मालनताई म्हणाल्या. “माझ्या तोंडाकडं बघा, आणि मग करा सही.”